काचबिंदूवरील दोन औषधांची जोड : उपयोग आणि दक्षता

(जागतिक काचबिंदू सप्ताहानिमित्त एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरंभीच एक गोष्ट नम्रपणे सांगतो. मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या योजना व उपयुक्त माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. तेव्हा रोगाचे निदान कसे करावे अथवा कोणते औषध घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. तो अधिकार या व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टरांचा आहे. तथापि गेली सात वर्षे माझ्या मातोश्रींच्या डोळ्यांत मी स्वतःच्या हाताने काचबिंदूचे औषध घालीत आलो आहे. त्या सात वर्षांत मी जे शिकलो, आणि त्यातील काही जे चुकून शिकलो, ते आपल्यापुढे मांडावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

मोतीबिंदू सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात डोळ्यातील भिंग गढूळ होते, शस्त्रक्रिया करून ते बदलले म्हणजे गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्याने पाहिलेले दृश्य मेंदूकडे नेणारी जी दृष्टितंत्रिका, तिचे तंतू या रोगात हळूहळू मरतात, आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत करणारे औषध आजही नाही. दृष्टी प्रथम कडेने जाते. समोरचे स्पष्ट दिसत असते, वर्तमानपत्र वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, म्हणून मनुष्य निश्चिंत असतो. बाजूने येणारी सायकल दिसेनाशी होते, उंबरठ्याला ठेच लागते, तेव्हा आपण म्हणतो, “वय झाले.” बहुतेक प्रकारांत दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच या रोगाला दृष्टीचा मूक चोर म्हणतात.

भारतात चाळीस वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा रोग असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. हैदराबाद शहरात आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात झालेल्या पाहण्यांत तर असे दिसून आले की, या रोगाच्या नेहमीच्या प्रकाराचे जे रुग्ण तपासणीत सापडले, त्यांपैकी दहातल्या नवांहून अधिकांना आपल्याला काचबिंदू आहे याची तोपर्यंत कल्पनाच नव्हती.

डोळ्यातील पाणी आणि खाजनाचा मानस

आता हे औषध करते काय, ते पाहू. आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात एक निर्मळ द्रव सतत पाझरत असतो. हा द्रव म्हणजे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हा द्रव आत असतो आणि आतल्या आतच एका बारीक जाळीतून निचरून रक्तात मिसळतो. जितका द्रव निर्माण होतो तितकाच निचरून गेला, म्हणजे डोळ्यातील दाब समतोल राहतो. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सामान्यतः योग्य समजतात.

आपल्या गोव्यात हे समजावण्यासाठी मला खाजन शेतीहून चांगला दाखला सापडत नाही. बांधाला मानस असतो. वरून पावसाचे पाणी येते, ओहोटीला मानस उघडला की ते नदीत जाते. मानसाची फळी गाळाने अडली तर पाणी तुंबते आणि बांधावर ताण येतो. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग असतात. एक तर वरून येणारे पाणी कमी करावे, नाही तर निचऱ्याची वाट मोकळी करावी. आणि दोन्ही एकदम करता आले तर अधिक उत्तम.

काचबिंदूच्या औषधांचीही हीच दोन कुळे आहेत. टिमोलॉल, डॉरझोलामाइड, ब्रिन्झोलामाइड ही औषधे द्रवाची निर्मिती कमी करतात. लॅटानोप्रोस्ट आणि त्याची भावंडे निचऱ्याची दुसरी वाट रुंद करतात. पिलोकार्पिन व अलीकडचे नेटार्सुडिल ही मूळच्या जाळीतून निचरा वाढवितात. ब्रिमोनिडिन दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काम करते.

या औषधांचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १८५७ साली जर्मनीतील नेत्रवैद्य अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूवर शस्त्रक्रियेचा मार्ग दाखविला. १८७० नंतरच्या दशकात दक्षिण अमेरिकेतील एका वनस्पतीपासून मिळणारे पिलोकार्पिन वापरात आले. ते दिवसातून चार वेळा घालावे लागे, बाहुली आकसून अंधुक दिसे, कपाळ दुखे. तरी त्यानंतर शंभर वर्षे नेत्रवैद्यांची मुख्य भिस्त त्यावरच होती. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली, १९९६ साली लॅटानोप्रोस्टला मिळाली, आणि १९९८ साली डॉरझोलामाइड व टिमोलॉल ही दोन औषधे एकाच कुपीत एकत्र करून देण्यास तेथे मान्यता मिळाली. आज अशा जोडकुप्या अनेक प्रकारच्या आहेत.

एक औषध पुरत नाही तेव्हा

“एका औषधाने भागत असताना डॉक्टर दुसरे कशाला देतात?” असा प्रश्न मला पुष्कळ ठिकाणी विचारला जातो. त्यामागे थोडी शंकाही असते. औषधविक्रेत्याचा फायदा व्हावा म्हणून तर नव्हे? या शंकेचे उत्तर मोठ्या संशोधनांनी दिलेले आहे.

अमेरिकेत, ज्यांच्या डोळ्यातील दाब वाढलेला आहे परंतु दृष्टितंत्रिकेला अद्याप इजा झालेली नाही, अशा १,६३६ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांना केवळ नजरेखाली ठेवले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी शेकडा ९.५ जणांना काचबिंदू जडला, औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ४.४ होते. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दाब केवळ एकपंचमांशाने कमी करावयाचा, एवढेच माफक लक्ष्य असतानाही, पाच वर्षांच्या अखेरीस औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ४० जणांना दोन किंवा अधिक औषधे लागली. रोग आधीच जडलेला असेल तर दाब याहून अधिक खाली आणावा लागतो. तेव्हा दुसरी कुपी मिळणे ही नवलाची गोष्ट नव्हे. ‘आपला रोग हाताबाहेर गेला’ असाही तिचा अर्थ नव्हे.

स्वीडनमधील एका दीर्घ पाहणीत असे आढळले की, दाबातील प्रत्येक मिलिमीटरच्या उतारामागे रोग पुढे सरकण्याचा धोका शेकडा सुमारे १० ने घटतो. एक मिलिमीटर म्हणजे किती थोडे! परंतु आयुष्याच्या उरलेल्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार केला, तर त्या एकेका मिलिमीटरवर नातवाचे तोंड दिसणे न दिसणे अवलंबून असते.

आता दोन औषधांची बेरीज कशी होते ते पाहा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत पुढचा थेंब घालण्यापूर्वी, म्हणजे औषधाचा जोर सर्वांत कमी असताना, दाब मोजला गेला. एकट्या डॉरझोलामाइडने तो शेकडा सुमारे १५, एकट्या टिमोलॉलने सुमारे २२ आणि दोहोंच्या जोडकुपीने सुमारे २७ ने उतरलेला होता. शिक्षक मंडळी विचारतील, पंधरा आणि बावीस सदतीस होतात, मग सत्तावीसच का? याची कारणे दोन. पहिले असे की, दुसरे औषध मूळ दाबावर काम करीत नाही, पहिल्याने उतरवून ठेवलेल्या दाबावर करते. तीसवरून एकाने तेवीसवर आणले, तर दुसऱ्याचा हिशेब तेवीसपासून सुरू होतो. दुसरे कारण असे की, ही दोन्ही औषधे वरून येणारे पाणीच कमी करणारी आहेत. एकाने अर्धवट बंद केलेला नळ दुसऱ्याने आणखी किती बंद करावा, याला मर्यादा असते.

म्हणून डॉक्टर जोड लावताना शक्यतो भिन्न कुळांतील औषधे निवडतात. एक निर्मिती कमी करणारे, दुसरे निचरा वाढविणारे. एकाच जातीची दोन औषधे एकत्र घेण्यात लाभ नाही. लॅटानोप्रोस्टच्या जातीची दोन औषधे एकाच वेळी घेतली, तर दाब उतरण्याऐवजी वाढूही शकतो. रक्तदाबासाठी टिमोलॉलच्या कुळातील गोळी चालू असेल, तर डोळ्यात तेच घालून फारसा अधिक गुण येत नाही, अपाय मात्र वाढू शकतो. यास्तव नेत्रवैद्याकडे जाताना आपल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

आणखी एक. आरंभापासून दोन औषधे देण्याचा सर्वसाधारण प्रघात नाही. प्रथम एक देतात, काही आठवड्यांनी दाब पाहतात. त्याने मुळीच गुण आला नाही तर ते बदलतात. गुण आला पण पुरेसा आला नाही, तर त्यात दुसरे मिळवितात. रोग फार पुढे गेलेला असेल व दाब फार चढलेला असेल, तरच प्रथमपासून दोन देण्याचा विचार होतो. म्हणून ‘एका महिन्याने या’ असे डॉक्टरांनी सांगितले असता न जाणे म्हणजे अर्धा उपचार सोडून देणे होय.

माझी चूक

आता मी केलेली चूक सांगतो. मातोश्रींचा मोतीबिंदू तपासण्यासाठी गेलो असता दाब ३० निघाला. टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ सुरू झाले आणि दाब २३ वर आला. परंतु वर्षभराने दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, तेव्हा एका डोळ्याची कड आणखी गेल्याचे दिसले. डॉक्टरांनी डॉरझोलामाइडची दुसरी कुपी दिली. मी सकाळी कार्यालयात जाण्याच्या घाईत असे. एका कुपीचा थेंब घातला की लगेच दुसरीचा घालीत असे, दहा सेकंदांचेही अंतर नसे. आई डोळे मिचकावी, गालावरून पाणी ओघळे, मी पदराने पूस म्हणे आणि निघे. तीन महिन्यांनी दाब पाहिला, तो २२! दुसऱ्या कुपीचा जणू काही उपयोगच नाही. डॉक्टर शस्त्रक्रियेची भाषा बोलू लागले.

तेथील एका परिचारिकाबाईंनी सहज विचारले, “थेंब कसे घालता, दाखवा पाहू.” मी दाखविले. त्या म्हणाल्या, “अहो साहेब, दुसऱ्या थेंबाने तुम्ही पहिला धुऊन काढता.”

गोष्ट साधी होती. कुपीतून पडणारा एक थेंबच डोळ्यात मावण्यापेक्षा मोठा असतो. त्यावर लगेच दुसरा पडला की दोन्ही औषधे गालावर येतात. त्या दिवसापासून दोन थेंबांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवू लागलो. थेंब घातल्यावर आईने डोळे अलगद मिटावेत आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे हलकेच दाबून धरावा, असे सुरू केले. पुढच्या तपासणीत दाब १९ भरला. औषध तेच, माणूस तोच, फरक दहा मिनिटांचा.

पुढे डॉक्टरांनी ती दोन्ही औषधे एकाच कुपीत असलेले औषध दिले. त्यामुळे अंतर ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही. परंतु त्या तीन महिन्यांत, आणि त्यापूर्वीच्या वर्षात, जी कड गेली ती परत आली नाही. आजही आई डावीकडून आलेल्या माणसाला ओळखत नाही. मी उजवीकडून जाऊन बसतो.

जोडकुपी : लाभ आणि मर्यादा

एकाच कुपीतील जोड औषधाचे लाभ उघड आहेत. थेंब कमी, विसरण्याचा संभव कमी, एका औषधाने दुसरे धुऊन जाण्याची भीती नाही. औषध टिकावे म्हणून त्यात जे रसायन मिसळलेले असते, त्याने डोळ्यांची जळजळ होते. कुप्या कमी झाल्या की ते रसायनही कमी जाते.

मर्यादाही आहेत. दोन औषधे एकत्र असल्याने त्यांतील एकाचेच प्रमाण अथवा वेळ बदलता येत नाही. डोळा लाल झाला तर दोहोंपैकी कोणामुळे, हे चटकन कळत नाही. आणि सर्वांत मोठा धोका असा की, कुपीवरील एकाच व्यापारी नावाआड दोन औषधे दडलेली असतात. टिमोलॉल अनेक जोडकुप्यांत असते, आणि ते दमेकऱ्याला किंवा ज्यांची नाडी मंद चालते त्यांना प्रसंगी प्राणघातक ठरू शकते. थेंब डोळ्यात घातला तरी नाकावाटे रक्तात जातोच. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ दमेकरी. “तुमच्या आईला गुण आला, तर अर्धी कुपी मला द्या,” म्हणून ते आले होते. आई भिडस्त, देणारच होती. कुपीवरील दुसरे नाव मी वाचले म्हणून टळले. ब्रिमोनिडिन लहान बालकांना अपायकारक असते, त्यांना ग्लानी येऊन श्वास मंदावू शकतो. सल्फा औषधांची ज्यांना बाधा होते, त्यांनी डॉरझोलामाइड घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे. लॅटानोप्रोस्टने पापण्यांचे केस वाढतात, डोळा थोडा लाल होतो. त्याने घाबरून औषध बंद करू नये, विचारावे.

थेंब हाच एकमेव उपाय आहे, असेही समजू नये. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रथम लेसर किरणांचा उपचार केलेल्या रुग्णांपैकी शेकडा ७४ जणांना तीन वर्षांपर्यंत थेंबांवाचून दाब ताब्यात ठेवता आला. काहींना शस्त्रक्रियाच योग्य असते. काचबिंदूचा एक प्रकार असाही आहे की निचऱ्याचा कोनच अकस्मात बंद होतो. डोळा असह्य दुखतो, लाल होतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. अशा वेळी घरची कुपी शोधीत बसू नये. त्याच दिवशी, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

काय करावे

आता समारोपादाखल काही सूचना करतो. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच त्या मांडीत आहे.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळ्यांचा दाब व दृष्टितंत्रिका तपासून घ्यावी. केवळ दाब पाहून भागत नाही, कारण दाब योग्य असूनही काहींना हा रोग होतो. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणास काचबिंदू असेल, तर इतरांहून आपल्याला धोका कित्येक पटींनी अधिक असतो. मातोश्रींमुळे मीही तपासून घेतले, माझा दाब २४ निघाला. तंत्रिका अजून शाबूत आहे. मी नजरेखाली आहे, आणि त्याबद्दल ईश्वराचे व त्या परिचारिकाबाईंचे आभार मानतो.

दोन कुप्या असतील तर दोन थेंबांमध्ये किमान पाच, शक्य तर दहा मिनिटे जाऊ द्यावीत. कोणती कुपी केव्हा, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराजवळ किंवा आरशाजवळ लावावे. वाचता येत नसेल तर कुप्यांना निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधावेत. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि वेष्टनावर सांगितलेली मुदत संपताच नवी आणावी. कुपीचे टोक डोळ्याला अथवा बोटाला लागू देऊ नये. तपासणीच्या दिवशीही औषध घालूनच जावे, म्हणजे औषधाचा खरा गुण डॉक्टरांना कळतो.

डोळे आले, खाज आली म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून महिनोन्महिने घालू नयेत. त्यांनीच डोळ्यातील दाब चढतो, आणि निष्काळजीपणाने जडलेला असा काचबिंदू तरुणांतही दिसतो.

औषध महाग वाटत असेल तर ते बंद न करता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सरकारी रुग्णालयात काय मिळते, जनऔषधी केंद्रात मूळ नावाचे स्वस्त औषध आहे काय, याची चौकशी करावी. सांगण्यात संकोच नको. पैशाअभावी एक कुपी गुपचूप बंद करणारे रुग्ण पुष्कळ असतात. डॉक्टर मात्र समजतात की औषध लागू पडत नाही, आणि तिसरे लिहून देतात.

शिक्षकांना माझी खास विनंती आहे. आपले विद्यार्थी घरी आजी-आजोबांचे औषध घालणारे हात आहेत. थेंब घालण्याची ही रीत वर्गात एकदा पाण्याच्या थेंबाने करून दाखवा. पंचायतीच्या सेवकवर्गाला विनंती अशी की, नेत्रतपासणी शिबिराची दवंडी जेथे पोहोचत नाही, त्या वाड्यावरच्या वृद्धांसाठी वाहनाची सोय करावी.

बंधुभगिनींनो, या रोगात गेलेले परत मिळत नाही, राहिलेले मात्र राखता येते. ते राखणारा डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी भेटतो. रोजचा राखणदार म्हणजे घरात थेंब घालणारा मुलगा, सून, नात. त्याने घड्याळाकडे पाहून दहा मिनिटे थांबावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.